सतरा नंबरच्या किटल्या

सोमवार, ४ मार्च

आज एक धडधाकट गृहस्थ किटलीच्या तोटीवर हात ठेवून रडला. पन्नाशीचा असेल, अंगात चांगला कोट, बाहेर गाडी उभी. म्हणाला, आमच्या घरी अगदी अशीच होती. मी विचारलं, मग ती कुठे गेली? म्हणाला, फुटली. कोणी फोडली? तर यानेच, लहानपणी. स्वतः फोडलेल्या भांड्यासाठी चाळीस वर्षांनी दुसऱ्याच्या दुकानात येऊन रडायचं, आणि भाचीने त्याला खुर्ची द्यायची, वर पाणी द्यायचं. जाताना किटली घेऊन गेला. तिचं झाकण मुळात तिचं नव्हतंच. मी सांगणार होते, पण भाचीने डोळे वटारले.

भाचीने बँकेतली नोकरी सोडून हे दुकान काढलं त्याला तीन महिने झाले. जुन्या किटल्या विकते. पाटीवर मात्र ‘व्हिंटेज टीपॉट’ लिहिलंय, कारण किटली म्हटलं की कोणी आत येत नाही. मला रोज अकरा ते चार येऊन बसायला सांगितलंय. घरी एकटी बसून काय करतेस, असं म्हणाली नाही. म्हणाली, मावशी, किटलीतलं तुझ्याइतकं कोणाला कळतं? हे खरंच आहे. चिनी मातीच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी तपासनीस होते. भट्टीतून निघालेली प्रत्येक किटली माझ्या टेबलावरून जायची. लाकडी दांडीने ठोकून आवाज ऐकायचा, दिव्यासमोर धरून तडा बघायचा, पाणी ओतून तोटी ठिबकते का पाहायचं. पसंत पडली तर पेटीत. नाही तर तळाच्या शिक्क्यावर लोखंडी सुईने आडवा ओरखडा. बाद. बाद माल कारखान्याच्या फाटकावर कामगारांना कवडीमोलाने मिळायचा.

आज दुकानातल्या किटल्या उलट्या करून पाहिल्या. निम्म्यांहून जास्तींवर माझा ओरखडा आहे. मी नापास केलेला माल काचेच्या कपाटात, वर दिवा लावून.

शनिवार, ९ मार्च

आज एक बाई स्वतःची किटली विकायला घेऊन आल्या. आजी रोज दुपारी याच किटलीतून चहा ओतायची, तो वास अजून नाकात आहे, वगैरे. मी किटलीत बोट घातलं. आतली झिलई कोरी करकरीत, तोटीत पॅकिंगचा पेंढा तसाच अडकलेला. या किटलीने जन्मात चहा पाहिला नव्हता. पेंढा काढून बाईंच्या हातावर ठेवला. त्या बराच वेळ पेंढ्याकडे बघत राहिल्या, मग किटली उचलून निघून गेल्या.

भाची चिडली. म्हणाली, मावशी, लोक भांडं घेत नाहीत, आठवण घेतात. मी म्हटलं, मग आठवणीच विक, धूळ तरी पुसावी लागणार नाही. ती हसली नाही. ही माझ्यापाशी सातव्या वर्षापासून वाढली, आणि इतकी भाबडी कशी झाली देव जाणे. आईवर गेली असेल.

बुधवार, १३ मार्च

ठिपक्यांच्या तीन किटल्या आल्या. एक घर रिकामं होत होतं, तिथून भाचीने उचलल्या. पांढऱ्या अंगावर निळ्या ठिपक्यांच्या चार ओळी, तळाला रंगारणीचा नंबर १७, आणि त्यावर माझा ओरखडा. ओळी वाकड्यातिकड्या, एक ठिपका वर, एक खाली, मध्येच एखादा पसरलेला. बघूनच हात सुईकडे जावा अशा.

आणि याच आता सगळ्यांत जास्त खपतात. लोक दूरदूरच्या गावांहून फोन करून विचारतात, सतरा नंबर आहे का. आज एक जाडजूड चष्मेवाला म्हणाला, या ठिपक्यांत हाताचा जिवंतपणा आहे. मी म्हटलं, दोष आहे. तो म्हणाला, तेच ते.

सतरा नंबर म्हणजे ठिपकेवाली. तिला सगळे याच नावाने ओळखायचे. अकरा वर्षं कायम नोकरीत होती आणि तिच्यासारखा हात अख्ख्या रंगकाम विभागात नव्हता. आम्ही डबा एकत्र खायचो. मग एक वर्ष असं आलं की तिचा माल बिघडायला लागला. आधी दिवसाला एखादी, मग पाच-सहा. मी दोनदा समज दिली. ती नुसती हो म्हणाली. तिसऱ्या महिन्यात मी अहवाल लिहिला आणि तिला काढलं. मैत्रीण म्हणून डोळेझाक केली असती तर उद्या प्रत्येकीने वाकडे ठिपके काढले असते. त्या दिवशीही मला झोप लागली होती, आजही लागेल.

तिच्या शेजारच्याच स्टुलावर माझी धाकटी बहीण बसायची, भाचीची आई. नंबर २२. तेव्हा भाची पोटात होती, तरी त्या तीन महिन्यांत तिची एकही किटली बाद झाली नाही. ठिपके असे, जणू छापलेत. बहीण म्हणून सूट दिली असं कोणाची म्हणायची टाप नव्हती. मालच तसा होता. त्याच जोरावर ती कायम झाली.

मंगळवार, १९ मार्च

कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने तीनपैकी दोन सतरा नंबर नेल्या. हॉटेलात चहा यंत्रातून येतो, कागदी कपात. किटल्या वर फळीवर शोभेला ठेवणार आहे, गिऱ्हाइकाला घरच्यासारखं वाटावं म्हणून. घरच्यासारखं वाटायचं असेल तर माणसाने घरी जावं.

मंगळवार, २६ मार्च

दुपारी दुकानात कोणी नव्हतं. भाची कपाट पुसत होती. मध्येच म्हणाली, इतक्या किटल्या हाताखालून गेल्या, पण बावीस नंबरची एकही मिळाली नाही गं.

मी तिला समजावून सांगितलं. चांगला माल पेट्यांत बंद होऊन परगावी जायचा. बाद तेवढा कामगारांच्या घरी, म्हणजे इथे, राहिला. तुझ्या आईचा माल गावात सापडत नाही ही अभिमानाची गोष्ट आहे. तिला अभिमान वाटलेला दिसला नाही. हे दुकान काढलं तेव्हा एखादी तरी मिळेल असं वाटलं होतं, म्हणाली. म्हणजे नोकरी सोडली ती यासाठी की काय, ते मी विचारलं नाही. उत्तर ऐकायला नको वाटलं.

मग आईबद्दल विचारत बसली. अक्षर कसं होतं? मी म्हटलं, डावखुरी होती, पाटीवर लिहिलेलं स्वतःच्याच मनगटाने पुसायची. भाचीला आईचं फार काही आठवत नाही. एवढंच आठवतं की ती कप दोन्ही हातांनी धरायची आणि तरी बशीत चहा सांडायचा. मी म्हटलं, ते आजारपणातलं. कंप नंतर सुरू झाला, तू तीन-चार वर्षांची असताना. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते की हा आजार अंगात बरीच वर्षं मुकाट असतो. पण डॉक्टरांना काय, काहीतरी म्हणावंच लागतं.

मंगळवार, २ एप्रिल

भाचीने ठिपकेवालीला शोधून काढलं. नदीपलीकडे मुलाकडे राहते. रविवारी तिला दुकानात बोलावलंय, सतरा नंबरवाली स्वतः येणार म्हणून गिऱ्हाइकांनाही कळवलंय. मला विचारलं नाही. मी म्हटलं, तिला काढणारी मी, माझ्यासमोर कशी येईल? भाची म्हणाली, मी सांगितलं त्यांना तू इथे बसतेस म्हणून. त्या म्हणाल्या, तर मग येतेच.

अडतीस वर्षांत आम्ही एकमेकींना पाहिलेलं नाही. मला काही वाटत नाही. मी काम केलं होतं. रविवारसाठी करडी साडी इस्त्री करून ठेवली, नंतर ती काढून निळी इस्त्री केली. करडीवर धूळ दिसते.

रविवार, ७ एप्रिल

पंचवीसेक माणसं जमली होती, खुर्च्या पुरल्या नाहीत. ठिपकेवाली वेळेवर आली. चौऱ्याहत्तर वर्षांची, पाठ ताठ, पायांत कॅनव्हासचे लाल बूट. मला म्हणाली, जाड झालीस. मी म्हटलं, तू नाही झालीस. एवढंच बोलणं झालं.

भाचीने उरलेली एकच सतरा नंबर तिच्या हातात दिली. चष्मेवाला कागदपेन घेऊन पुढे बसला होता. ठिपकेवालीने किटली फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाली, ही माझी नाही.

भाची म्हणाली, अहो, तळाला सतरा नंबर आहे. ठिपकेवालीने तळ पाहिला, ओरखडा पाहिला, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग भाचीकडे. मग किटली खाली ठेवत म्हणाली, असेल मग माझीच. वय झालं, लक्षात राहत नाही.

चष्मेवाल्याने हट्ट धरला की बाईंनी चार ठिपके काढून दाखवावेत. भाचीने कोरी किटली आणि निळा रंग आणूनच ठेवला होता. ठिपकेवालीने कुंचला घेतला, किटली डाव्या हाताने फिरवत गेली आणि बघता बघता एक ओळ पूर्ण. दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजून घ्यावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण तोंडं पडली होती. त्यांना थरथर हवी होती. चष्मेवाला कोणाच्या तरी कानात म्हणाला, हे फारच यांत्रिक आहे. मूर्ख कुठला.

विसरायला लागली आहे, बाकी काही नाही. आणि हात नंतर सुधारला असेल.

सोमवार, ८ एप्रिल

हात सुधारत नाहीत. एकतीस वर्षांत एकाही रंगारणीचा हात वयाबरोबर सुधारलेला मी पाहिला नाही.

बुधवार, १० एप्रिल

आज दुकान उघडायच्या आधी गेले, माझ्याकडे किल्ली असते. उरलेली सतरा नंबर खिडकीपाशी नेली, भिंग लावलं. रविवारची नवी शेजारी ठेवली.

कुंचला उचलताना ठिपक्याला बारीक शेपूट राहतं. उजव्या हाताचं उजवीकडे, डाव्या हाताचं डावीकडे. शिकाऊ मुलींना मी स्वतः हे दाखवायची. ठिपकेवाली उजव्या हाताची, नव्या किटलीवर सगळी शेपटं उजवीकडे. जुन्या किटलीवर सगळी डावीकडे. एकूण एक.

रंगकाम विभागात त्या वर्षी डावखुरी एकच होती.

या किटल्या एकेक करून माझ्या हातांतून गेल्या. दिव्यासमोर धरल्या, ठोकल्या, गळती पाहिली. ठिपके वाकडे आहेत एवढंच मला दिसलं.

भाची आली तेव्हा मी तशीच खिडकीत होते. तिला सगळं सांगितलं, तपासणीत कसूर ठेवायची सवय नाही. या किटल्या तुझ्या आईच्या. तिचा हात तेव्हापासूनच थरथरत होता. दोघींनी नंबर बदलून काम केलं. धाकटीचा बिघडलेला माल सतरावर आणि ठिपकेवालीचा चांगला बावीसवर. का, ते मला माहीत नाही.

भाचीने किटली माझ्या हातातून घेतली. ठिपक्यांवरून बोट फिरवत एक पूर्ण फेरी मारली. रडली नाही. म्हणाली,

“म्हणजे तू आईला बाद करत होतीस.”

मी म्हटलं, हो.

तिने बाहेर ‘बंद’ची पाटी लावली आणि मला घरी जायला सांगितलं.

शुक्रवार, १२ एप्रिल

भाचीचा फोन नाही. मी केला तर उचलत नाही.

हॉटेलवाल्याकडे गेले. किटल्या फळीवर आहेत, एकीत कागदाची फुलं खोचलीत, दुसरीत चमचे. मी म्हटलं, या दोन्ही परत द्या, दुकान पूर्ण किंमत देईल. तो म्हणाला, का? आता याला काय सांगायचं? सांगितलं. माझ्या बहिणीने रंगवलेल्या आहेत, ती गेली, तिच्या मुलीकडे आईचं असं काही नाही. बोलताना माझा आवाज असा काही निघाला की माझा मलाच राग आला.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, बाई, फळीवरच्या प्रत्येक भांड्याबद्दल कोणी ना कोणी मला असं काहीतरी सांगून जातं. मागच्या आठवड्यात एकजण त्या बरणीसाठी रडला. मी हो म्हणत गेलो तर फळी रिकामी होईल.

मी तळ दाखवला, भिंग काढलं, डावीकडची शेपटं दाखवली. तो म्हणाला, असेलही. मग गल्ल्यामागे निघून गेला आणि माझ्यासाठी कागदी कपात चहा पाठवला. मी तो फळीखालच्या टेबलावर बसून प्यायले. पुचाट होता. अर्धा तास बसले. बाजूच्या टेबलावरची दोन माणसं माझ्याकडे बघत होती. मी दुकानात त्या रडणाऱ्या गृहस्थाकडे जशी बघत होते तशीच, हे मला कळत होतं.

रविवार, १४ एप्रिल

सकाळी दारात भाची. म्हणाली, चल, त्यांच्याकडे जायचंय, मला ऐकायचंय. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो, पण ती खिडकीतून बाहेर बघत होती. पिशवीत ती किटली होती, कापडात गुंडाळून.

ठिपकेवाली तिसऱ्या मजल्यावर राहते. तिनेच दार उघडलं. भाचीच्या हातातली पिशवी पाहून म्हणाली, कळलं वाटतं. मग आत जाऊन पातेलं चढवलं. भाचीने किटली पुढे केली, म्हणाली, यातून ओता. ठिपकेवाली म्हणाली, नको गं बाई, गाळून कपात ओतलेला बरा, किटलीत निवतो. अकरा वर्षं किटल्या रंगवून या बाईच्या घरात एक किटली नाही.

चहा पिताना तिने सांगितलं. ते असं. धाकटीचा हात एका सकाळी अचानक थरथरायला लागला. दोघींना वाटलं, दिवस आहेत, अशक्तपणा असेल, बाळंतपणानंतर जाईल. गेलाही, तीन-चार वर्षं. तिला कायम व्हायला तीन महिने उरले होते. कायम झाली तर बाळंतपणाची रजा आणि दवाखाना कारखान्याचा, नाही तर घरी. नवऱ्याचा भरवसा तेव्हाच नव्हता. ठिपकेवाली अकरा वर्षांची जुनी, तिला वाटलं आपल्याला फार तर दम देतील. काढतील असं वाटलं नाही.

मी विचारलं, तिने मला का नाही सांगितलं?

“ती सांगणार होती. मीच म्हटलं, नको. तुझी बहीण ऐकून घेईल, डोळे पुसेल, आणि दुसऱ्या दिवशी तुझाच नंबर बाद लिहील.” कप खाली ठेवून तिने मलाच विचारलं, “लिहिला असतास की नाही?”

भाची माझ्याकडे बघत होती. खोटं बोलायला ती चांगली वेळ होती. मी म्हटलं, लिहिला असता.

ठिपकेवालीने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. भाचीने नजर काढून घेतली नाही. चार दिवसांत पहिल्यांदाच बघत होती माझ्याकडे.

मग मी जे पाठ करून आले होते ते बोलायला सुरुवात केली, की माझ्यामुळे तुझी नोकरी गेली, मला माफ कर. ठिपकेवालीने मध्येच तोडलं. म्हणाली, नोकरी गेली ते उत्तम झालं, ठिपक्यांचा मला वीट आला होता. दुकानांच्या पाट्या रंगवायला लागले. शिडीवर चढून पुरुषभर उंचीची अक्षरं काढली, मुलाचं शिक्षण केलं. तुझी माफी घेऊन ठेवू कुठे, घर एवढंसं. धाकटी मात्र कायम झाल्यावर वर्षभर दर रविवारी यायची आणि रडायची. तिला सांगून सांगून माझा घसा बसला. शेवटी मीच तिला म्हटलं, रडायचं असेल तर येऊ नकोस, हसायला ये. मग हसायला यायची.

मी म्हटलं, कशाला हसायची? मला माहीतच नव्हतं की ती रविवारी कुठे जाते. मला सांगायची, देवळात.

ठिपकेवालीने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, तुझी नक्कल करायची ती. हुबेहूब. सगळा विभाग जेवणाच्या सुट्टीत तेच बघायला थांबायचा, तू हात धुवायला गेलीस की सुरू.

भाची म्हणाली, कशी करायची?

ठिपकेवाली उठली. टेबलावरची पेन्सिल उचलली, हनुवटी वर केली, ओठ असे मिटले, जणू तोंडात लिंबू धरलंय. भाचीच्या हातातून किटली घेतली, कानाशी नेली, ठक ठक करून ठोकली, डोळे बारीक करून छताकडे बघितलं. मग अगदी दमलेल्या, सगळ्या जगाला कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, “बा-द.”

भाची हसली. हसताना तिचा कप कलंडला, चहा बशीत गेला, तरी थांबेना. पुन्हा करा, म्हणाली. ठिपकेवालीने पुन्हा केलं. या वेळी किटली ठेवताना नाक मुरडलं, तेही माझंच असावं.

मी म्हटलं, मी इतक्या जोरात कधी ठोकायची नाही.

दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

“ठोकायचीस,” ठिपकेवाली म्हणाली.

मी तिसऱ्यांदा करायला सांगितलं.